कुंकू लावलेला ठोकळा

एका तालुक्याच्या गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून, साबणाचं एक गोदाम होतं. इतकं मोठं, की वारा त्या बाजूने आला की गावाला अंघोळ केल्यासारखा वास यायचा. गोदामाला सहा दारं होती आणि दारांपुढे कमरेपेक्षा उंच असा दगडी फलाट. ट्रक मागे मागे येत फलाटाला पाठ लावून उभे राहायचे. मग फलाट आणि ट्रक यांच्यामध्ये एक जाड लोखंडी पत्रा टाकला जायचा, आणि त्या पत्र्यावरून फोर्कलिफ्ट खोक्यांची थप्पी उचलून थेट ट्रकच्या पोटात शिरायची.

या गोदामात भानुदास खरात चौदा वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होता. हात इतका बसलेला, की भरलेल्या पेल्यातलं पाणी न सांडता थप्पी ठेवील. गोदामाच्या फाटकाशी एक काळा फळा टांगलेला होता. ज्याच्या हातून महिनाभरात एकही खोकं फुटलं नाही, एकाही माणसाला खरचटलं नाही, त्याचं नाव गुलाबराव मुकादम त्या फळ्यावर खडूने लिहायचे. बक्षीस वगैरे काही नाही, नुसतं नाव. पण वर्षानुवर्षं तिथे एकच नाव होतं. गुलाबराव दर महिन्याला ते पुसायचे आणि पुन्हा तेच लिहायचे. भानुदास फाटकातून आत येताना कधी मान वर करून फळ्याकडे बघायचा नाही. बघायची गरजच नव्हती.

मग शालन आली.

शालन नगरे तिशीतली, सडपातळ बाई. फोर्कलिफ्ट चालवायचं रीतसर शिक्षण घेऊन, परवाना घेऊन आली होती. पहिल्या दिवशी सगळे हसले. भानुदास तर मोकळेपणाने हसला. "बाई, हे काय पोळपाट-लाटणं नाही," तो म्हणाला.

"नाही ना, भानूदादा," शालन म्हणाली, "म्हणून तर शिकून आले. पोळ्या मला अजून गोल येत नाहीत."

तिच्या कामाची एक रीत होती. ट्रक लागला की ती आधी मशीनवरून खाली उतरायची. फलाटाच्या पायऱ्या उतरून ट्रकपाशी जायची आणि ड्रायव्हरकडून गाडीची चावी मागून घ्यायची. ती चावी आपल्या दाराशेजारच्या खुंटीवर टांगायची. माल भरून होईपर्यंत ती चावी तिथेच. मग ट्रकच्या मागच्या चाकापुढे लाकडी ठोकळा सरकवायची, कारण आवारातलं पाणी वाहून जावं म्हणून तिथल्या जमिनीला बाहेरच्या बाजूने थोडा उतार दिलेला होता. ठोकळा पायाने दाबून बघायची, मग वाकून हाताने हलवून बघायची. एवढं झालं की मशीनवर चढायची, पट्टा बांधायची आणि कामाला लागायची. भरून झालं की चावी स्वतः नेऊन ड्रायव्हरच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "सावकाश जा."

नियम तसा सगळ्यांनाच होता. पण चौदा वर्षांच्या माणसाला नियम जुन्या चपलेसारखा होतो, पायात असतो आणि नसतोही. भानुदास मशीनवर बसल्या बसल्या ओरडायचा, "ठोकळा लाव रे!" आणि ड्रायव्हर खालून "लावला!" म्हणायचा. कधी लावलेला असायचा, कधी नसायचा. चावीचं तर तो कधीच विचारायचा नाही. ओळखीचे ड्रायव्हर स्वतःहून आणून द्यायचे तेवढंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गोदामात मशीनची पूजा झाली. सगळ्यांनी आपापल्या फोर्कलिफ्टला झेंडूचे हार घातले. शालनने मशीनला हार घातला आणि मग खाली उतरून आपल्या तिसऱ्या दाराच्या ठोकळ्यालाही कुंकवाचं बोट लावलं, वर एक फूल ठेवलं.

भानुदास मोठ्याने म्हणाला, "आता लाकडालाही नवस बोला! म्हणावं, ठोकळेबुवा, पाव!"

माणसं हसली. शालनही हसली. "रोज पावतोच की," ती म्हणाली. "त्याच्या जिवावर तर आत जाते मी."

त्या महिन्याच्या शेवटी गुलाबरावांनी फळा पुसला आणि त्यावर लिहिलं, शालन नगरे.

भानुदासच्या हातून त्या महिन्यात दोन खोकी फुटली होती. दोनच. पण फळ्याला दोन आणि दोनशे सारखेच. त्या सकाळी फाटकातून आत येताना त्याने कितीतरी वर्षांनी मान वर केली, आणि केली ती केलीच. त्यानंतर रोज त्याची मान आपोआप वर जायची. रोज तिथे तेच नाव दिसायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

एवढ्यावर भागलं असतं तरी त्याने गिळलं असतं. पण ड्रायव्हर तिसऱ्या दाराशी रांग लावायला लागले. भानुदासचं चौथं दार मोकळं असायचं आणि ट्रकवाले "थांबतो की थोडं" म्हणत तिसऱ्यासाठी बसून राहायचे. त्यातले एक तर इलाहीभाई होते. पांढऱ्या दाढीचे, भानुदासला पहिल्या दिवसापासून ओळखणारे.

"काय इलाहीभाई," भानुदास एकदा म्हणाला, "आमच्या दाराला काटे आले का?"

"काटे कसले रे," इलाहीभाई म्हणाले. "शालनबेटीकडे गाडी लावली की मला डुलकी लागते. तुझ्याकडे लावली की गाडी सरकते का म्हणून सारखं आरशात बघावं लागतं."

इलाहीभाई हसत बोलले, पण ते वाक्य भानुदासच्या छातीत कुसळासारखं रुतलं. रात्री ताटावर बसला तरी ते टोचायचं. बायको भाजी वाढत होती आणि तो बोलत होता, शालन कशी पुढे पुढे करते, शालन कशी गोड बोलते, शालन कशी वाकून वाकून ठोकळा बघण्याचं नाटक करते.

बायको म्हणाली, "महिनाभर जेवताना तिचंच नाव घेताय. तेवढं विठ्ठलाचं घेतलं असतं तर तो दारात येऊन उभा राहिला असता."

भानुदास ताटावरून उठला. पण बायकोचं खोटं नव्हतं. आपल्या कामाकडे बघायला त्याला आता वेळच उरला नव्हता, सगळा वेळ तिच्या कामाकडे बघण्यात जात होता. तिच्या हातून काहीतरी चुकावं, एकदाच चुकावं, एवढीच त्याची इच्छा होती. एखादं खोकं पडावं. चावी घ्यायला विसरावी. पण ती चुकेना. आणि ती जितकी चुकेना, तितकं भानुदासला आत जळत राहायचं.

शेवटी त्याच्या मनात आलं, ती चुकत नसेल तर चुकलेली दिसायला काय हरकत आहे?

गुलाबराव मुकादम रोज अकरा वाजता फेरी मारायचे. कानावर पेन्सिल, हातात वही. प्रत्येक ट्रकपाशी थांबून वाकायचे आणि चाकाखाली बघायचे. ठोकळा नसला तर जागेवरच काम बंद, आणि त्या माणसाचं नाव तीन महिने फळ्यावर यायचं नाही. भानुदासला हे पाठ होतं.

एका मंगळवारी पावणेअकराला इलाहीभाईंचा ट्रक तिसऱ्या दाराला लागला. शालन नेहमीप्रमाणे खाली उतरली. चावी देताना इलाहीभाई म्हणाले, "बेटी, हँडब्रेक जरा ढिला झालाय. संध्याकाळी गॅरेजला नेणार आहे."

"मग ठोकळा दोनदा बघते," शालन म्हणाली, आणि तिने खरोखर दोनदा बघितला. चावी खुंटीवर टांगली, पत्रा टाकला आणि पहिली थप्पी आणायला ती गोदामात आत गेली. इलाहीभाई हात-पाय धुवायला नळाकडे गेले.

भानुदासचं चौथं दार रिकामं होतं. हँडब्रेकचं बोलणं त्याने ऐकलं होतं. पण त्या क्षणी ते एका कानाने शिरलं आणि दुसऱ्या कानाने निघून गेलं. त्याला फक्त घड्याळ दिसत होतं. दहाच मिनिटांचा प्रश्न आहे, त्याने स्वतःला समजावलं. मुकादम येतील, वाकतील, काम बंद करतील. कुणाला काही होणार नाही. फळा मात्र पुसला जाईल.

तो झटकन खाली उतरला. पायाने ठोकळा सैल केला, उचलला आणि आपल्या मशीनच्या सीटमागे पोत्याखाली सरकवला. कुणीही बघितलं नाही.

शालन थप्पी घेऊन आली, पत्र्यावरून ट्रकमध्ये गेली, थप्पी ठेवून मागे आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

अकरा वाजले. मुकादम आले नाहीत. फाटकाशी कुठल्याशा गाडीच्या कागदपत्रांवरून वाद चालला होता, गुलाबरावांचा आवाज तिथून ऐकू येत होता. अकरा पाच झाले, मग अकरा दहा.

आणि भानुदासला एक गोष्ट दिसली.

शालनचं मशीन भरल्या वजनाने ट्रकमध्ये शिरायचं आणि आत थांबायचं, तेव्हा त्या धक्क्याने ट्रक पुढे सरकत होता. अगदी थोडा, बोटाच्या पेराएवढा. मशीनवर बसलेल्या माणसाला ते कळत नाही, कारण त्याच्यापुढे थप्पी असते. पण बाजूच्या दारातून बघणाऱ्याला फलाट आणि ट्रकच्या मधली फट दिसते. आधी फटीत बोट मावलं असतं, मग दोन बोटं, मग चार. पत्र्याची पुढची कड ट्रकच्या फळीवर वीतभर टेकलेली होती, ती आता निम्मीच उरली.

 भानुदास ठोकळा परत लावायला उठला. पण आता इलाहीभाई नळावरून परत येऊन त्याच ट्रकच्या सावलीत, मागच्या चाकाला पाठ टेकून बसले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ठोकळा लावायचा कसा? "भानू, हा तुझ्याकडे कसा?" असं ते विचारतील. भानुदास पुन्हा खाली बसला. फाटकाकडे बघू लागला. या ना मुकादम, तो मनात म्हणाला, या ना लवकर.

मुकादम आले नाहीत. शालन दहावी थप्पी घेऊन दारात आली. पत्र्याची कड आता फळीवर दोन बोटं टेकली होती. मशीनचं पुढचं चाक पत्र्यावर चढलं, की पत्रा निसटणार होता आणि मशीन, थप्पी आणि शालन कमरेएवढ्या उंचीवरून त्या फटीत जाणार होती.

चौदा वर्षांत भानुदास एवढ्या मोठ्याने कधी ओरडला नव्हता.

"शालन, थांब! थांब तिथंच!"

काय झालं, का झालं, हे शालनने विचारलं नाही. पहिल्याच शब्दाला तिने ब्रेक दाबला. मशीन जागच्या जागी गचकन थांबलं. वरची चार खोकी पुढे उडाली आणि पत्र्यावर आदळली. तेवढ्या वजनानेच पत्रा निसटला, घणघणत खाली गेला, आणि ट्रक हातभर पुढे जाऊन कडेच्या दगडाला अडला. "या अल्ला!" म्हणत इलाहीभाईंनी बाजूला उडी मारली. त्यांची टोपी चाकाखाली गेली.

 चहूकडून माणसं धावली. गुलाबरावही धावत आले. शालन मशीनवर बसून होती, पट्टा बांधलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. तिच्या चाकापुढे वीतभर फलाट होता आणि त्यापुढे नुसती पोकळी.

गुलाबरावांनी आधी खुंटीकडे बघितलं. "चावी जागेवर आहे. म्हणजे गाडी कुणी चालू केली नाही." मग ते वाकले. "ठोकळा कुठाय?"

"मी लावला होता," शालन म्हणाली.

"मग गेला कुठं? त्याला पाय फुटले?"

शालन खाली उतरली. चाकापाशी गेली. रिकाम्या जमिनीकडे बघत राहिली. "लावला होता मी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, हळूच, "मला वाटतं, लावला होता."

तोवर माणसांनी भानुदासला गराडा घातला होता. कुणी पाठ थोपटत होतं, कुणी चहा आणून हातात दिला. "चौदा वर्षांची नजर आहे ही, गंमत नाही," कुणीतरी म्हणालं. "भानुदास नसता तर आज बाई गेली होती!" गुलाबराव फाटकाशी गेले. सगळ्यांसमोर त्यांनी फळ्यावरचं शालनचं नाव फडक्याने पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, भानुदास खरात.

इतके महिने ज्याच्यासाठी जीव तळमळला, ते सगळं एका सकाळी पदरात पडलं. भानुदासने चहाचा घोट घेतला. दुसरा घेतला नाही.

शालन त्याच्यासमोर आली. तिने हात जोडले. "भानूदादा, तुमच्यामुळे आज घरी जाईन मी." मग ती गुलाबरावांकडे वळली आणि मशीनची चावी त्यांच्यापुढे धरली. "मुकादम, ही ठेवा. मला ठोकळा लावल्याचं स्वच्छ आठवतंय, आणि चाकाखाली तर ठोकळा नाही. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा राहिला नाही, तर मी या मशीनवर बसू नये. आज मी वाचले. उद्या दुसऱ्या कुणाचा जीव जाईल."

भानुदासने तिच्या हाताकडे बघितलं. हात थरथरत होता. मघाशी मरणाच्या दारात स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला हात, आता थरथरत होता.

फळ्यावरचं नाव तर त्याने मागितलंच होतं. पण तिचे डोळे त्याने कधी मागितले नव्हते. आपण तिच्या चाकाखालचं लाकूड काढलं एवढंच त्याला वाटत होतं. खरं तर जिच्या आधारावर ती उभी होती ती स्वतःवरची खात्रीच त्याने काढून घेतली होती. आणि ती परत देणारा सगळ्या जगात एकच माणूस होता.

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. चालत आपल्या मशीनपाशी गेला, सीटमागचं पोतं उचललं, आणि ठोकळा घेऊन आला. लाकडावर दसऱ्याचं कुंकू अजून पुसट दिसत होतं. तो ठोकळा त्याने शालनच्या पायाशी ठेवला.

"तू लावला होतास," तो म्हणाला. "दोनदा बघितलास. मी काढला."

 भानुदास फाटकाशी गेला आणि आपल्याच तळहाताने फळ्यावरचं आपलं नाव पुसलं. हाताला पांढरा खडू लागला तसाच तो परत येऊन उभा राहिला.

इलाहीभाई चिरडलेली टोपी झटकत होते. ते एवढंच म्हणाले, "चौदा वर्षं तुझ्याकडे गाडी लावली, भानू. तुझ्या नुसत्या 'ठोकळा लाव'वर निर्धास्त राहिलो. आरशात बघायला लागलो तो अगदी अलीकडे." आणि ते दुसरीकडे वळले.

शालन रडली नाही, ओरडलीही नाही. तिने वाकून ठोकळा उचलला, पदराने पुसला. "माझी चावी द्या, मुकादम," ती म्हणाली. भानुदासकडे तिने पाहिलं नाही.

गुलाबरावांनी तिला तिची चावी दिली आणि भानुदासची मागून घेतली. त्याला हाकलून द्यावं, असं बरेच जण म्हणाले. गुलाबरावांनी रात्रभर विचार केला. सकाळी ते म्हणाले, "शेवटी ओरडलास आणि शेवटी खरं बोललास, म्हणून आवारात राहशील. पण मशीनवर नाही. एक वर्ष सहाही दारांचे ठोकळे तू लावायचेस. पायी."

त्या महिन्यात फळा कोराच राहिला.

भानुदास पायी हिंडू लागला. मशीनवरून जे चौदा वर्षं दिसलं नव्हतं, ते त्याला खालून दिसू लागलं. चाकाशी टेकून डबा खाणारे ड्रायव्हर, ट्रकखाली सावलीला शिरलेली कुत्री, पत्र्याच्या कडेवर उभा राहून सहज बिडी ओढणारा हमाल. या सगळ्यांना कुणीतरी "लावला" म्हटलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. ठोकळा लावताना तो आता गुडघा टेकायचा.

शालन कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याने लावलेला ठोकळा ती रोज खाली उतरून स्वतः बघायची. पहिल्या दिवशी भानुदासला चटका बसला. सगळ्यांसमोर चोर ठरवल्यासारखं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, ती तर स्वतः लावलेलाही असाच बघायची. त्यात त्याचा अपमान कुठे होता?

एक दिवस तिसऱ्या दाराला ट्रक लागला. इलाहीभाईंचाच. भानुदासने ठोकळा लावला आणि बाजूला सरकून उभा राहिला. शालन पायऱ्या उतरून आली.

"पायाने नको, हाताने हलवून बघ," भानुदास म्हणाला. "माझ्या शब्दावर विसंबू नकोस."

शालन वाकली, तिने ठोकळा हलवून बघितला. तो हलला नाही. ती उठली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा म्हणाली, "लागलाय, भानूदादा."

ती मशीनवर चढली. इलाहीभाईंनी चाकाशी बैठक मारली, नवी टोपी डोळ्यांवर ओढली आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. भानुदास मात्र माल पुरता भरून होईपर्यंत त्या चाकाशेजारी उभा राहिला. फाटकावरच्या फळ्याकडे त्या दिवशी त्याची मान एकदाही गेली नाही.

तात्पर्य: हेवा करणारा माणूस आधी दुसऱ्याच्या चुकीची वाट बघतो आणि ती सापडली नाही की स्वतःच घडवतो. जिथे एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात असतो, तिथे सोबत्याचं नाव पुसायला निघालेला हात त्याच्या जिवावरच उठतो. म्हणून दुसऱ्याच्या नावाकडे बघण्यापेक्षा आपल्या वाट्याचा ठोकळा रोज नीट लागला आहे की नाही, हे बघावं.